सांधा बधिर असेपर्यंत

फूटपाथवरून उतरताना पायरी त्याला वाटली होती त्यापेक्षा चार बोटं जास्त खोल निघाली. झालं होतं ते एवढंच. नाचाच्या वर्गात लावायचा पुरुषभर उंचीचा आरसा, एका टोकाला दुकानातला जोडीदार लंबू, दुसऱ्या टोकाला तो, आणि आरसा अंगाशी टेकवून धरलेला, त्यामुळे स्वतःचे पाय दिसायचा प्रश्नच नव्हता. उजवा पाय हवेत गेला आणि मग ताठ काठीसारखा रस्त्यावर आपटला. काचेच्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची गोष्ट म्हणजे काच सुटली तर सुटू द्यायची, धरायला जायचं नाही. काच पुन्हा आणता येते, मनगटाच्या शिरा आणता येत नाहीत. वीस वर्षं हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत आला होता. पण त्या दिवशी वर्गातल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या, लंबू पुढून ओरडला, "सोड, सोड," आणि त्याने सोडला नाही. आरशाचं सगळं वजन, वरून स्वतःचं वजन, आणि वरून हट्ट, असं सगळं त्या एका ताठ पायातून वर गेलं आणि कमरेच्या खाली, उजव्या बाजूला, कुठेतरी खोल आत काहीतरी कट् झालं. तो आवाज दुसऱ्या कोणाला ऐकू गेला नाही. आरशाला चरासुद्धा पडला नव्हता. बायांनी वाहवा केली, त्यानेही हसून घेतलं, आरसा भिंतीवर चढवला, सहा स्क्रू पिळले आणि जिना उतरताना कठडा धरून मध्येच उभा राहिला.

त्याला चौदा महिने झाले. चौदा महिन्यांत त्या जागेने त्याच्याशी जे केलं ते त्याने कोणाला नीट सांगितलं नाही, कारण सांगायला लागलं की ते कमरेचं साधं दुखणं वाटायचं आणि कंबर काय, जगात सगळ्यांचीच दुखते. पण हे कुशीवर वळताना दुखायचं. अंथरुणात नुसतं वळायचं तर आधी श्वास धरायचा, दात आवळायचे, आणि मग कोणीतरी दोन हाडांच्या फटीत पहार घालून ती फट मोठी करतोय असं व्हायचं. खुर्चीतून उठताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून पँट घालताना तेच. उजव्या कुल्ल्यावर भार टाकून बसता येत नव्हतं, त्यामुळे तो नेहमी डावीकडे कलून बसायचा आणि भिंगरी, त्याची दहा वर्षांची मुलगी, एकदा त्याची नक्कल करून बसली होती. तेव्हा तो हसला होता. नंतर त्याच संध्याकाळी त्याने तिची वही खिडकीतून खाली फेकली होती, ती का ते त्याला आता आठवत नव्हतं. पहिल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. दुसऱ्याने मशीनमध्ये घालून कण्याचे फोटो काढले आणि एका मणक्याची गादी सरकली आहे असं पेनाचं टोक ठेवून दाखवलं. ती खरंच सरकली होती. पण चाळिशीच्या कोणत्याही भारवाहू माणसाची सरकलेलीच असते हे त्याला फार पुढे कळलं. त्या गादीसाठी त्याने सहा महिने पट्टा बांधला, खाली डोकं वर पाय करून ताण घेतला, कण्यात एक सुई टोचून घेतली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दुखणं खाली बसून होतं तिथे बसलंच होतं, आणि वरच्या मजल्यावर चाललेली ही धावपळ त्याला जणू ऐकू येत होती.

आधी त्याने वस्तूंना मारलं. त्यात काही विशेष नाही, वस्तूंना सगळेच मारतात. दुकानात काच कापताना हिऱ्याची रेघ वाकडी गेली तर तो ती आख्खी काच टेबलाच्या कडेवर आपटून फोडायचा, आणि ती फुटताना कमरेतली ती पहार क्षणभर ढिली व्हायची. हे सुख त्याला फार लवकर कळलं. मग घरातलं पातेलं, मग न्हाणीघराच्या दाराची फळी, जिला त्याच्या बुटाच्या आकाराचं भोक पडलं होतं आणि ज्यावर बायकोने ती शिकवते त्या बालवाडीतल्या पोरांनी काढलेलं एक चित्र चिकटवलं होतं. मग बायको. पहिल्यांदा ती त्याला अंथरुणातून उठवायला हात द्यायला आली, आणि तिने चुकून जास्त ओढलं, आणि त्याने तिच्या तोंडात मारली. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत त्याला राग नाही, दया दिसली. तिथेच सगळं बिघडलं असं त्याला पुढे वाटायचं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "मी तुमची दुखरी बाजू ओढली, माझंच चुकलं," असं ती म्हणाली, आणि त्याने ते घेतलं. मनगट पिरगाळलं तेव्हाही घेतलं. तिला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ढकललं आणि बरगडी दोन आठवडे काळीनिळी राहिली, तेव्हा तिचा भाऊ गाडी घेऊन आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, चपला घाल, पोरीला घे, निघ. तेव्हा बायको दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ती जे बोलली ते त्याने आतल्या खोलीतून, डावीकडे कलून बसल्या बसल्या, शब्द न् शब्द ऐकलं.

"दादा, हे मारत नाहीत रे. ते दुखणं मारतं. बारा वर्षं संसार केलाय मी, आधी कधी बोट लावलं नव्हतं. दुखणं जाऊ दे एकदा. मग जर हात उचलला तर मी स्वतः फोन करीन तुला."

आधी कधी बोट लावलं नव्हतं हे खरं होतं. एकदा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने तिच्या कानाशेजारून भिंतीवर मूठ मारली होती, पण ते भिंतीला. हे वाक्य त्याने देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं जपलं. दुखणं मारतं. रात्री कुशीवर वळता येईना तेव्हा तो ते मनात म्हणायचा आणि त्याला बरं वाटायचं, आणि मग लाज वाटायची, आणि मग पुन्हा बरं वाटायचं. त्याच्या आईकडेही असंच एक वाक्य होतं. बाप कामावरून आला की ती भावंडांना मागच्या खोलीत ढकलायची आणि म्हणायची, आज त्यांचं डोकं उठलंय, समोर जाऊ नका. बापाचं डोकं आठवड्यातून चारदा उठायचं. कंबरपट्ट्याच्या लोखंडी कडीचा वण त्याच्या पोटरीवर होता. लहानपणी तो देवाकडे मागायचा तर हेच, की बाबांचं डोकं बरं कर. बापाचं डोकं खरंच दुखायचं का, हे मात्र त्याच्या मनात बाप गेल्यानंतरही कधी आलं नव्हतं. मेहुणा त्या दिवशी गाडी रिकामी घेऊन परत गेला, पण जाताना बायकोला म्हणाला की फोन उशाशी ठेव.

मग कोणीतरी सांगितलं म्हणून तो त्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेला. बुटकी बाई, दंड मात्र सुताराचे. तिने फोटो बघितलेच नाहीत, पालथे करून बाजूला ठेवले आणि विचारलं, कुठे दुखतं. त्याने नेहमीसारखा सगळा पंजा कमरेवर फिरवला. ती म्हणाली, पंजा नको, एक बोट लावा. आजवर त्याला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याने बोट लावलं ते पाठीच्या खालच्या बाजूला जी खळी पडते तिच्या अगदी शेजारी. तिने त्याला चालायला लावून, बसवून, पुन्हा विचारलं, आणि बोट पुन्हा तिथेच गेलं. मग तिने त्याला टेबलावर झोपवलं आणि सांगितलं की आता मी मुद्दाम दुखवणार आहे. पाच प्रकारांनी दुखवीन. तीन प्रकारांत तेच, ओळखीचं दुखणं उठलं तर चोर सापडला असं समजायचं. पहिल्यांदा तिने दोन्ही हातांनी कमरेची हाडं बाहेरच्या बाजूला फाकवली, काही नाही. दुसऱ्यांदा त्याची मांडी उभी करून गुडघ्यावरून स्वतःचं सगळं वजन खाली रेटलं, आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की बाहेर बसलेली बायको उठून दारापर्यंत आली. "हेच का?" बाईने विचारलं. हेच. तिने पुन्हा रेटलं. त्या क्षणी तिचा गळा त्याच्या हाताच्या टप्प्यात होता, गळ्यातली निळी शीर त्याला दिसत होती, आणि त्याने टेबलाची कड धरली ती हात तिच्या गळ्याकडे जाऊ नये म्हणून धरली. कुशीवर वळवून तिने वरून दाबलं, एक पाय टेबलाखाली लोंबकळत ठेवून दुसरा छातीशी चेपला, पालथा घालून तळहाताची टाच कण्याच्या तळाशी ठोकली. पाचांपैकी चार. तो घामाने निथळत होता, रडत होता, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याला कोणीतरी बरोबर जागी मारलं होतं. त्या बाईबद्दल त्याला इतकी कृतज्ञता वाटली की तिला खरंच गळ्याशी धरावं असं वाटलं. कण्याचा तळ आणि कमरेचं हाड जिथे एकमेकांत बसतात तो हा सांधा, बाईने रुमाल देत सांगितलं. इंग्रजीत त्याला मोठं नाव आहे, आम्ही नुसतं एसआय म्हणतो. फोटोत तो बऱ्याचदा चांगलाच दिसतो, म्हणून लोक त्याच्या वरती, मणक्यातच, शोधत बसतात.

खात्री करायची तर एकच उपाय होता, सांधा बधिर करून बघायचा. त्यासाठी आज सकाळी अकरा वाजता दुसऱ्या एका डॉक्टरणीने त्याला पालथं झोपवलं, यंत्राच्या पडद्यावर बघत बघत सुई आत घातली, आणि सुई सांध्यात शिरली तेव्हा त्याने उशी दातांनी फाडली. मग औषध गेलं, आणि ते शिरल्यावर काही मिनिटांत ती पहार कोणीतरी काढून घेतली. हळूहळू कमी झाली असंही नव्हे. अचानक तिथे काही नव्हतंच. एवढी जागा आपल्या अंगात रिकामी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. डॉक्टरीण शांत, कोरडी बाई. तिने त्याला समोर बसवून सांगितलं की हा इलाज नाही, ही परीक्षा आहे. भूल सात-आठ तास टिकेल, मग दुखणं परत येईल, घाबरायचं नाही. तिने एक छापील कागद दिला. डावीकडे दर अर्ध्या तासाची वेळ, मधे 'काय केलं', शेवटी 'किती दुखलं', शून्यापासून दहापर्यंत.

"आज घरी जाऊन झोपू नका," ती म्हणाली. "ज्या ज्या गोष्टीने दुखतं ती ती मुद्दाम करा. नाही दुखलं तर दोष या सांध्याचाच, मग त्याच्या नसा कायमच्या शांत करता येतील. आणि दुखलंच तर आपण चुकीच्या जागी शोधतोय. खरं तेच लिहा. हा कागद खोटा असला तर मी तुम्हाला काहीही करू शकत नाही."

बायको मान हलवत होती, तिने तो कागद पर्समध्ये घडी न करता उभा ठेवला. लिहायचं काम तिनेच घेतलं. बालवाडीत फळ्यावर आकडे काढून काढून तिचं अक्षर असं झालं होतं की आकडा बघितला की तो गिरवावासा वाटावा. बारा वाजता रिक्षात बसलो, शून्य. साडेबाराला तीन मजले चढलो, शून्य. तो तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा बायको अजून पहिल्यावर होती, आणि तो पुन्हा खाली उतरून तिला आणायला गेला, तेव्हा ती जिन्यातच हसायला लागली. असं हसताना तिला त्याने किती दिवसांत बघितलं नव्हतं ते मोजायला नको म्हणून तोही हसला. दीड वाजता एका पायावर उभं राहून त्याने पँट घातली, काढली, पुन्हा घातली. दोन वाजता अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर दहा वेळा वळला, आणि ती पलंगाच्या कडेवर बसून एक, दोन, तीन असं पोरांसारखं मोजत होती. अडीचला उजव्या कुल्ल्यावर भार देऊन बसला. तीनला सगळं घर झाडून काढलं, वाकून, पलंगाखालीसुद्धा. शून्य, शून्य. कागदावर शून्यांची माळ खाली उतरत होती. साडेतीनला त्याने न्हाणीघराच्या दाराकडे बघत सांगितलं की उद्या ती फळी बदलतो. बायको म्हणाली, बदला. मग थोडं थांबून, कागदाकडे बघत म्हणाली की मला ठाऊक होतं, पहिल्यापासून ठाऊक होतं. तिने काय ठाऊक होतं ते सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. आपण सुटलो असं त्याला वाटलं, अगदी निर्दोष सुटलो, आणि खरा गुन्हेगार हाडांच्या फटीत सुईने टिपला गेला.

चार वाजता, शून्य. सव्वाचारला भिंगरी शाळेतून आली. पूर्वी ती दारातून आत यायची ती स्वतःभोवती गिरक्या घेत, म्हणून तर ते नाव. आता कधीपासून ती भिंतीच्या कडेने येत होती. तिने दप्तर ठेवलं, माठातलं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं, आणि त्याला एकदम सुचलं की हिला खांद्यावर घ्यावं. चौदा महिने घेतलं नव्हतं, साडेचारच्या ओळीत लिहायला याहून चांगलं काय असणार. तो मोठ्याने हाक मारून, दोन्ही हात वर करून, तिच्याकडे झपाट्याने गेला. भिंगरीने कोपर डोक्यावर घेतलं आणि ती खाली बसली. पेल्यातलं पाणी तिच्याच अंगावर सांडलं. तो हसला. अगं वेडे, उचलतोय तुला, आज दुखत नाही बाबाचं, म्हणाला आणि पुन्हा हात पुढे केला, आणि ती पुन्हा तशीच, डोळे गच्च मिटून, कोपर वर, भिंतीत शिरायला बघत होती. बायको म्हणाली, राहू द्या आता. त्या "राहू द्या"ने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय केलंय? आज मी काय केलंय? आज अख्खा दिवस मी हसतोय, केर काढलाय, फळी बदलतो म्हणालोय, आणि ही कारटी कोणासाठी कोपर वर घेते, कोण आहे इथे मारणारा? ते वर आलेलं, हडकुळं, पाण्याने भिजलेलं कोपर त्याला सहन होईना. त्याने ते धरलं, खाली ओढलं, आणि त्याच्यामागे लपलेल्या तोंडावर मारलं. सगळी ताकद लावून मारलं, कारण ताकद आज पुरेपूर होती, कंबर तिच्या आड येत नव्हती, पाय घट्ट रोवले होते, खांदा मोकळा फिरला. पोर पेल्यासकट भिंतीवर जाऊन आदळली. पेला फुटला. तिचा ओठ दातांत सापडून फाटला, आणि ती रडली नाही, फक्त आता झालं ना, अशा नजरेने तिने कोपर खाली घेतलं.

त्याला काही सुचेना, आणि काही सुचेनासं झालं की काचवाला काच गोळा करतो. तो खाली बसून तुकडे उचलायला लागला, आधी मोठे, मग बोटाच्या टोकाला थुंकी लावून बारीक. बायको भिंगरीला पोटाशी धरून उभी होती. तिचा चेहरा त्याने मान वर न करता बघितला. ती आशेने बघत होती. पोरीच्या ओठातून रक्त तिच्या साडीवर उतरत होतं आणि ती अजूनही आशेने बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "औषध उतरलं का? दुखायला लागलं का? किती दुखतंय?"

तिने दार उघडं ठेवलं होतं, त्याने फक्त आत जायचं होतं. नऊ म्हणा, दहा म्हणा, असं विनवणाऱ्या तिच्या आवाजात तिची सगळी बारा वर्षं होती. सांध्याचं काय व्हायचं ते होऊ दे, डॉक्टरीण चुकीच्या जागी शोधत बसू दे, जन्मभर ती पहार घेऊन वळीन, पण दुखणं मारतं हे वाक्य हातचं जाऊ नये. त्याने चेहरा वाकडा केला. दात आवळले. हे सगळं त्याला इतकं पाठ होतं की करावं लागलंच नाही.

"आठ," तो म्हणाला. "मघापासूनच. आठ तरी असेल."

मग त्याने वर बघितलं. ती त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती खाली, त्याच्या गुडघ्यांकडे, टाचांकडे बघत होती.

"उकिडवे बसलाय तुम्ही," ती म्हणाली.

त्यानेही बघितलं. तो उकिडवा बसला होता, दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली, कुल्ले टाचांना भिडलेले, हात मोकळे, जसं लहान मूल मातीत खेळताना बसतं. चौदा महिन्यांत असं बसता आलं नव्हतं. घाईने उठायला गेला तर तेही सहज, कशालाही न धरता जमलं.

पुढचं सगळं बायकोने सावकाश केलं. टेबलापाशी जाऊन कागदावर लिहिलं, पेनाला टोपण लावलं, पोरीचा ओठ धुतला, त्यावर कापूस धरायला दिला, फोन केला. फोनवर ती फक्त "ये" म्हणाली. पिशवीत चार कपडे आणि भिंगरीचं दप्तर. तो मध्ये आला नाही. एकदा तो बोलायला लागला की हे आज चुकून, तर तिने हात वर केला नाही, रागावली नाही, त्याला ऐकून घेतलं, आणि चपला घातल्या. मेहुणा वर आलाच नाही, खालून गाडीचा आवाज आला. जिन्यातून दोघींची पावलं उतरत गेली, एकीची चपलेची, एकीची बुटाची, आणि मग नाहीशी झाली.

धावत गेला असता तर त्याने त्यांना दुसऱ्या मजल्यावरच गाठलं असतं. तो टेबलापाशी गेला. साडेचारच्या ओळीत, वरच्या सगळ्या ओळींसारख्याच गिरवाव्याशा अक्षरांत लिहिलं होतं: मुलीला मारलं. शून्य. उद्या हा कागद डॉक्टरणीला द्यायचा होता. फाडला तर इलाज नाही, आणि दिला तर ती बाई चष्मा सरळ करून सगळ्या ओळी वाचणार, तीही. त्याने तो फाडायला दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा खाली ठेवला. अंगात कुठेही दुखत नव्हतं, आणि औषध उतरायला अजून वेळ होता. पाच वाजले. त्याने पेनाचं टोपण काढलं. 'काय केलं' तिथे लिहिण्यासारखं काही नव्हतं, ती जागा त्याने तशीच सोडली. 'किती दुखलं' तिथे आठ काढायला पेन टेकवलं, थांबला, आणि शून्य काढलं.